गुरुवारची मुलगी

१

गावं निवडायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्याच हट्टामुळे, म्हणून दोष कुणाला देता येत नाही.

आमचे हे सुतार आहेत. पण घरांचे नाहीत, गाड्यांचे. मोठी व्हॅन आणायची, आतून रिकामी करायची आणि तिच्यात घर बसवायचं. दोन्ही बाजूंना बाकडी, वर झोपायला माळा, घडीचं टेबल, शेगडी, हाताएवढी मोरी. लोक तिला मोटरहोम म्हणतात, ह्यांच्या कारखान्यात सगळे घरगाडी म्हणतात. तिथे एक पद्धत आहे. गिऱ्हाईकाला गाडी द्यायच्या आधी, ज्याने आतलं लाकूडकाम केलं त्याने ती आठवडाभर घाटरस्त्यांवरून फिरवायची, आणि तीही घरच्या माणसांसकट. मालक म्हणतात, रिकामी गाडी खोटं बोलते. आत माणसं जेवली, झोपली, भांडली की मग कळतं कुठली कडी वाजते, कुठला खण वळणावर आपोआप उघडतो. जे वाजेल ते वहीत लिहायचं आणि परत आल्यावर दुरुस्त करायचं.

ह्या वेळी पाळी ह्यांची होती. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ह्यांनी फरशीवर नकाशा पसरला. घाटाचे रस्ते मालकांनी आधीच लाल पेन्सिलीने रंगवले होते. त्या रस्त्यांवरची मुक्कामाची गावं तेवढी आम्ही ठरवायची.

"मला वळणं पाहिजेत," हे म्हणाले. "आणि निदान एक तरी सरळसोट उतार."

"मला सपाट जमीन आणि कोरडा संडास," सासूबाई म्हणाल्या. "डोंगर काय, कुठूनही डोंगरासारखाच दिसतो."

"आणि तुला गं?"

"मुलांचा डॉक्टर," मी म्हणाले.

आमची बिट्टी नकाशाच्या कोपऱ्यावर पालथी पडून समुद्राच्या निळ्या रंगावरून बोट फिरवत होती. ती तेव्हा चार वर्षांची होती. आदल्या वर्षी तिला ताप चढला आणि माझ्या मांडीवरच झटका आला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले. तीन मिनिटं. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना तापात होतं असं, सहा वर्षांची झाली की आपोआप थांबेल, घाबरायचं कारण नाही. मी ऐकलं, मला समजलंही. पण तेव्हापासून जिथे पंधरा मिनिटांवर डॉक्टर नाही तिथे मी एक रात्र राहिले नव्हते. सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा नाही.

"बरं," हे म्हणाले. "मग गावं तूच निवड."

२

आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे एक यादी असते, कुठल्या गावात मुलांचा कोणता दवाखाना आणि त्याचा फोन नंबर. ती मी मागून आणली. लाल रेषेवरची गावं यादीशी ताडून बघितली. नकाशा वाचायला मी सातवीत शिकले होते, ते असं कामाला आलं. चार गावं निघाली. सोमवारी पुलाचं गाव, मंगळवारी डोंगरावरचं थंड गाव, बुधवारी जंगलाच्या कडेचं, आणि गुरुवारी तळ्याचं. तळ्याचं गाव सगळ्यांत देखणं, असं मालकांनीही सांगितलं होतं.

मग मी फोन करायला बसले. प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचं. मुलांचे डॉक्टर आहेत का, किती वाजेपर्यंत असतात, माझी मुलगी चार वर्षांची, वजन तेरा किलो, एकदा तापात झटका आला होता, आम्ही अमुक वारी तिथे असू. एवढं कशाला सांगायचं? वेळ आलीच तर त्यांना माहीत असावं म्हणून. तिन्ही ठिकाणच्या लोकांनी "बरं बरं" म्हणून ऐकून घेतलं. एक जण तर जांभईच देत होता.

चौथा फोन तळ्याच्या गावाला. रिंग वाजलेली मला ऐकूच आली नाही. नंबर फिरवला आणि बाईचा आवाज आला.

"बोला."

"मुलांचे डॉक्टर आहेत का तिथे?"

"आहेत ना. कधी आणताय?"

"नाही, आणत नाही, आम्ही फिरायला येतोय. लागलंच काही तर..."

"कधी?"

"गुरुवारी," मी म्हणाले.

"गुरुवार." पेन कागदावर घासल्याचा आवाज आला. "तेरा किलो दोनशे. ठीक आहे." आणि फोन बंद झाला.

मी यादीवर गुरुवारपुढे खूण केली, चहाची भांडी घासायला घेतली. अर्धी भांडी झाली तेव्हा हात थांबला. मी तिला वजन सांगितलं होतं?

ह्यांना विचारलं. हे हसले. "तीनदा तेच तेच बोललीस, चौथ्यांदाही बोललीस आणि विसरलीस. स्क्रू मोजताना माझंही तसंच होतं."

पटण्यासारखं होतं. पण सांगितलं असतं तर मी तेरा सांगितलं असतं. वरचे दोनशे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते.

३

सोमवारी निघालो. पहिला दिवस खरंच छान गेला, उगाच खोटं कशाला सांगू. रस्ता नदीच्या कडेकडेने वर चढत होता. बिट्टी खिडकीला नाक लावून गाई मोजत होती, सात झाल्या की परत एकपासून सुरू करत होती. सासूबाईंच्या मांडीवर वही होती आणि प्रत्येक वळणाला त्या ओरडत होत्या, "लिही रे, तुझं कपाट रडतंय!"

"आई, वही तुमच्याकडे आहे," मी म्हणाले. "तुम्हीच लिहा."

"मी लिहिलं तर मालक म्हणेल सुताराच्या आईचं अक्षर त्याच्या लाकडाहून सरळ आहे."

ह्यांचं एक म्हणणं असतं, की कारणाशिवाय आवाज नसतो. कुठलाही आवाज असो, शोधत गेलं की शेवटी एक सैल स्क्रू सापडतो. त्या दिवशी असे चार सापडले.

पुलाच्या गावात गाडी लावली आणि मी बिट्टीला घेऊन दवाखाना बघून यायला निघाले. हीही माझी सवय. दार कुठे आहे, पायऱ्या किती, घाईत पळत यायचं झालं तर कुठून वळायचं, हे एकदा पायाखालून गेलं की मला झोप लागते. दवाखाना बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. टेबलाशी एक टक्कल पडलेला माणूस. मी सांगितलं, शनिवारी फोन केला होता, चार वर्षांची मुलगी.

"हो हो," तो म्हणाला. त्याने रजिस्टर उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आज कशा आलात? तुमचं गुरुवारचं आहे."

"नाही, इथे सोमवार सांगितला होता मी."

त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. बाकीच्या ओळींत नावं होती, पत्ते होते. एका ओळीत फक्त 'मुलगी, ४ वर्षं, गुरुवार' असं लिहिलं होतं. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. वरच्या-खालच्या ओळींचं अक्षर मोठं आणि गोल.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी नाही." त्याने ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या सुट्टीच्या दिवशी एक बाई बसते. तिने लिहिलं असेल."

खाली आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, दवाखानेवाले एकमेकांना फोन करत असतील, त्यात तू एवढं सविस्तर सांगतेस की त्यांच्यात तुझी चर्चाच होत असेल. सासूबाई म्हणाल्या, "चला, सून प्रसिद्ध झाली." मीही हसले. सैल स्क्रू सापडला होता. लिहिणारी बाई वेगळी, म्हणून वार चुकला.

त्या रात्री मी झोपले. पण वरच्या माळ्यावर बिट्टीला न ठेवता आपल्या कुशीत घेऊन झोपले.

४

मंगळवारी थंड गावात बिट्टीला दोन शिंका आल्या. फक्त दोनच. हे म्हणाले गारठा आहे, स्वेटर घाल. मी स्वेटर घातला आणि दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे पाच-सहा मुलं होती. खिडकीशी बसलेली नर्स जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची होती. ती प्रत्येक मुलाचा गाल ओढत होती, गालगुच्चा घेत होती आणि जाताना हाताच्या पाठीवर एक रंगीत चिकटचित्र लावून देत होती. बिट्टीने आधीच हात पुढे धरून ठेवला होता.

आमची पाळी आली. डॉक्टरांनी छाती बघितली, घसा बघितला. "काही नाही. गारठा." मग नर्सने तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं. मी वाकून बघितलं.

तेरा किलो दोनशे.

मनाला समजावलं, अगं, शेवटचं वजन करून दीड महिना झाला, तेवढ्यात मूल दोनशे ग्रॅम वाढतंच. स्वेटरही आहे अंगात. आणि फोनवरच्या त्या बाईने अंदाजाने सांगितलं असेल, रोज पन्नास मुलं बघतात ही माणसं. समजावत असताना मी बिट्टीचा स्वेटर उतरवला. का उतरवला ते माझं मलाच कळलं नाही. काटा हलला, आणि परत तिथेच येऊन थांबला.

"ठणठणीत आहे हो पोर," नर्स म्हणाली. "गुरुवारपर्यंत काही काळजी करू नका."

"गुरुवारी काय आहे?"

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "तुम्हीच सांगितलंय ना?"

"मी तुम्हाला मंगळवार सांगितला होता."

"हो, पण आणायचं गुरुवारी आहे ना." ती हे अगदी साधेपणाने बोलली. मागे माणसं ताटकळत होती.

बिट्टीचा हात तसाच पुढे होता. नर्सने चित्रांचा कागद उचलला, तिच्याकडे बघितलं आणि कागद परत खाली ठेवला. गालही ओढला नाही. दुसऱ्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या वस्तूला जसा आपण हात लावत नाही, तशी ती हात मागे घेऊन उभी राहिली.

"तिला तिकडे देतील," ती म्हणाली.

५

बुधवारी जंगलाच्या कडेच्या गावात मी दवाखाना बघायला गेलेच नाही. पोचल्या पोचल्या घडीच्या टेबलावर चहाचे पेले ठेवले आणि म्हणाले, "तळ्याच्या गावाला जायचं नाही."

हे वहीतून मान वर करेनात. "अगं, खरा उतार तिथेच आहे. त्या उतारावर ब्रेक दाबून कपाटं तपासल्याशिवाय मी गाडी कशी देऊ?"

"दुसरा उतार शोधा."

"कारण काय? एका बाईने वजन बरोबर सांगितलं म्हणून?"

असं कुणी तोंडावर म्हटलं की माझं सगळं म्हणणं एकदम पोरकट वाटायला लागतं. डोळ्यांत पाणी यायला नको होतं, पण आलं. बिट्टी बाकड्याखाली शिरून चमच्याने जमीन खणत होती, म्हणजे खणल्याचं नाटक करत होती.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. "तिला नको वाटतंय ना, मग नको," त्या म्हणाल्या. "तू पोटात असताना मी एकदा भरल्या गाडीतून उतरले होते. का उतरले विचारशील तर आजही सांगता यायचं नाही. तुझे वडील चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी. काही बिघडलं नाही."

"गाडीचं काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? पोचली वेळेवर. पण मी उतरले ना."

ह्यांनी श्वास सोडला आणि नकाशा पसरला. डाव्या हाताला दुसरी एक लाल रेषा होती. तिच्यावर एकच छोटं गाव, यादीत नसलेलं.

"इथे डॉक्टर नाही हं," हे म्हणाले. "चालेल?"

"चालेल."

"लिहून ठेवतो वहीत. आज बायकोने डॉक्टर नसलेलं गाव निवडलं."

इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. गाडीतून उतरून झाडांखाली गेले. वाटलं, आता हे नीट संपवावं. सांगितलंय तर रद्दही सांगावं, माणसं वाट बघत बसतील. मी तळ्याच्या गावाला फोन लावला.

"बोला."

"गुरुवारचं रद्द करायचं आहे. चार वर्षांची मुलगी. आम्ही येत नाही आहोत."

"बरं," ती म्हणाली. आवाजात राग नाही, काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. "मग गुरुवारी कुठे असाल?"

आणि मी सांगितलं.

मला विचारलं की मी उत्तर देते. दवाखान्यात, शाळेत, दुकानात, समोरचा माणूस कागद घेऊन बसलेला असला की तो जे विचारेल ते खरं खरं सांगायचं, अशीच मी वाढले. गावाचं नाव सांगितलं, वर रस्ताही सांगितला. पेन कागदावर घासल्याचा आवाज आला.

"बरं. तसं लिहिते."

फोन कानाला तसाच धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. परत आले तर सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?" मी म्हणाले, "कुणाशी नाही."

आता दुसरं गाव निवडूया असं कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

६

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला पोचलो. ऊन चांगलं पडलं होतं. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरं, एक बंद पोस्ट, एक केशकर्तनालय, एक हार्डवेअरचं दुकान. गाडीत एकही आवाज उरला नव्हता, ह्यांनी सगळं पक्कं केलं होतं. सकाळपासून मी तीनदा थर्मामीटर लावला होता. ताप नव्हता.

ह्यांना माळ्यासाठी लांब स्क्रू हवे होते. सासूबाई गाडीत सफरचंद कापत बसल्या. मी बिट्टीचं बोट धरून ह्यांच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार बाई पन्नाशीची, कानाला पेन्सिल. तिला मी पहिलं तेच विचारलं.

"डॉक्टर नाहीत हो गावात," ती म्हणाली. "एक म्हातारे होते, ते गेले. आता तेवीस किलोमीटर जावं लागतं."

हे माझ्याकडे बघून हसले, आणि मीही हसले. आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं.

तेवढ्यात बिट्टी म्हणाली, "आई, पाणी."

शेजारच्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि त्याच्याखालून फेसाळ पाणी पायरीवरून रस्त्यावर येत होतं. फिनेलचा वास. बिट्टीने त्यात बूट बुडवला होता.

"ते आज सकाळीच उघडलं," दुकानदार बाई आतून म्हणाली. "वर्षभर बंद होतं. कुणीतरी एका दिवसापुरतं घेतलंय म्हणे. शिबिर असेल."

मी बिट्टीला मागे ओढायला वाकले. वाकले म्हणून शटरखालून आत दिसलं.

फरशी ओली होती. भिंतीला लागून एक लांब बाक, आणि त्याच्यावर बायका बसलेल्या. सात की आठ. वेगवेगळ्या वयांच्या, कुणी चांगल्या कपड्यांत, कुणी घरच्याच. दवाखान्यात आया बसतात तशा, गुडघे जुळवून, अंग चोरून. प्रत्येकीच्या मांडीवर काहीतरी होतं. एकीच्या मांडीवर पाण्याची छोटी बाटली. एकीच्या मांडीवर एक बूट. एकीच्या मांडीवर घडी घातलेला फ्रॉक, आणि ती त्याची घडी परत परत सारखी करत होती.

मूल एकही नव्हतं. मुलांच्या दवाखान्यात रडणं असतं, खोकला असतो, कुणीतरी पळत असतं. तिथे काहीच नव्हतं. समोर एक पडदा होता, त्याच्यामागून वजनाचा काटा जागेवर येतो तसा 'टक' असा आवाज आला. थोडा वेळ गेला. परत टक.

टेबलाशी एक बाई आमच्याकडे पाठ करून लिहीत होती.

बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्या बिट्टीकडे बघत होत्या. बाकाच्या मधोमध एका माणसाएवढी जागा रिकामी होती. तिच्या शेजारची बाई माझ्याच वयाची. ती आणखी थोडी सरकली, हाताने जागा झटकली.

"या," ती म्हणाली. मग हळूच, शेजारीण शेजारणीशी बोलते तशी, "मी पण दिवस बदलून बघितला होता."

"तेरा दोनशे आली का?" टेबलाशी बसलेल्या बाईने मान न वळवता विचारलं.

७

बिट्टीला उचलून मी कशी मागे फिरले ते आठवत नाही. तिचं कपाळ माझ्या मानेला टेकलं आणि चटका बसला. तापलेल्या तव्यासारखं.

"चला," मी ह्यांना म्हणाले. "आत्ता. गाडी काढा."

ह्यांनी तिच्या अंगाला हात लावला. चेहराच बदलला. "अगं, ही तर फणफणलीये!" मग शेजारी वाकून बघितलं. "शिबिरच आहे हे. बायका बसल्यात. चल आत."

"नाही."

"वेड लागलंय का? वर्षभर डॉक्टर डॉक्टर करून माझा जीव खाल्लास, आणि आज डॉक्टर दाराशी आहे तर नाही?"

मला खरंच वेड लागलं असेल. ते शिबिर चार पावलांवर होतं. झटका आला तर तेवीस किलोमीटर. तिला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं, ह्यांनी मला कधी माफ केलं नसतं आणि बरोबरच होतं. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं.

"गाडी काढा, नाहीतर मी हिला घेऊन चालत निघते."

गाडीच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात सुरी तशीच. त्यांनी माझं तोंड बघितलं. "काढ रे गाडी," त्या म्हणाल्या.

गाव संपून रस्ता दोन दगडी बांधांच्या मधून जायला लागला तेव्हा तिचे डोळे वर गेले. मी तिला खाली गादीवर डाव्या कुशीवर निजवलं, गळ्याचं बटण काढलं, तोंडात काही घातलं नाही, हात धरून दाबले नाहीत. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं आणि मी कधी मनापर्यंत पोचू दिलं नव्हतं, ते सगळं आठवलं. ह्यांनी गाडी रस्त्यातच थांबवली. सासूबाई घड्याळात बघून मोठ्याने मिनिटं सांगत होत्या. एक. दोन. दोनला त्यांचा आवाज फुटला. तीन व्हायच्या आत तिचं अंग सैल पडलं, तिने मोठा श्वास घेतला आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

"आई, पाणी," ती म्हणाली. तिला घाम फुटला होता. केस चिंब झाले होते. मी कपाळाला गाल लावला. गार.

मागून नाही, समोरून हॉर्न वाजला. आमच्या गाडीने रस्ता अडला होता. एक जुनी पांढरी मोटार उभी होती, चालवणारा माणूस घामाघूम. शेजारी एक बाई, तिच्या खांद्यावर एक लेकरू निजलेलं, गाल लालबुंद. ह्यांनी गाडी बांधाला चिकटवून घेतली. मोटार हळूहळू पुढे आली आणि बरोबर माझ्या खिडकीशी थांबली. तिची काच खाली होती. माझीही.

"अहो," ती बाई म्हणाली, "पुढच्या गावात मुलांचे डॉक्टर बसलेत ना आज? सकाळी फोन केला होता मी."

माझ्या घशात शब्द होता. एवढाच, 'जाऊ नका.'

"बसलेत की," हे पुढच्या सीटवरून म्हणाले. रडून आवाज बसला होता, पण मदत करायची असली की हे असेच तत्पर. "शिबिर आहे. हार्डवेअरच्या दुकानाशेजारी. सरळ जा, गर्दीही फार नाही."

"देवासारखे भेटलात हो." तिने बिट्टीकडे बघितलं. बिट्टी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपेला लागली होती. "बरी आहे का हो तुमची?"

बाकावर एक जागा रिकामी होती. मी तिच्यासमोर तोंड उघडलं असतं तर ती जागा माझ्यासाठी रिकामीच राहिली असती.

मी मान हलवली. बरी आहे म्हणून. ती हसली, आणि मोटार गेली. मी काच वर घेतली.

बिट्टीला त्यानंतर ताप आलेला नाही. पुढच्या महिन्यात ती सहा वर्षांची होईल. आमचे डॉक्टर म्हणतात, आता विसरा ते सगळं, वजनही छान वाढतंय. हे म्हणतात, बघ, उगाच घाबरत होतीस.

त्या लेकराच्या अंगात पिवळा स्वेटर होता, घरी विणलेला, एका बाहीची लोकर संपल्यामुळे टोकाला हिरवी लावलेली. काच वर जाईपर्यंत मी तेवढाच बघत होते. तो आता कुणाच्या मांडीवर आहे ते मला माहीत आहे.